पित्त, थकवा की पक्षाघात? स्त्रियांमधल्या लक्षणांचा आढावा

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये माणसं कशाने दगावतात, याचा शोध ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी घेतला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं पक्षाघात. शंभरातले चौदा मृत्यू त्याचे. दिवसभर शेतात आणि जंगलात राबणाऱ्या माणसांना हा ‘शहरी’ आजार होत नाही, ही समजूत त्या आकड्याने खोटी ठरवली. मला मात्र त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी अस्वस्थ करतात. पक्षाघाताने गेलेल्यांमध्ये जवळजवळ निम्म्या बायका होत्या. आणि या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरातच झाले.

पक्षाघात म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी-साठीचा, बीपी असलेला, तंबाखू मळणारा पुरुष येतो. जागतिक आकडेवारी वेगळं सांगते. वयाच्या पंचविशीनंतर उरलेल्या आयुष्यात पक्षाघात होण्याची शक्यता स्त्री आणि पुरुष दोघांनाही साधारण सारखीच, चारात एक. फरक आहे तो वयाचा. मुंबईत केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिला झटका आलेल्या पुरुषांचं सरासरी वय ६३ च्या आसपास होतं, स्त्रियांचं ६९ च्या. एकोणसत्तराव्या वर्षी अनेक बायकांचा जोडीदार गेलेला असतो, मुलं कामावर असतात, दुपारी घरात कुणी नसतं. म्हणजे लक्षण ओळखायला दुसरा माणूसच समोर नाही.

आधी आजार थोडक्यात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते. गुठळीचा प्रकार अधिक आढळतो. रक्त न मिळालेला मेंदूचा भाग किती वेगाने मरतो, याचा हिशेब अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर या मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला : मोठी वाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून बाहेर काढता येते, तीही शक्यतो सहा तासांत. निवडक रुग्णांमध्ये चोवीस तासांपर्यंत. या उपचाराची खात्रीलायक उपयुक्तता २०१५ मध्ये सिद्ध झाली, म्हणजे अगदी अलीकडे. त्यामुळे ‘एकदा अंगावरून वारं गेलं की इलाज नाही’ हे मागच्या पिढीपर्यंत बहुतांशी खरं होतं. आज ते खरं नाही.

ओळखीच्या तीन खुणा स्त्री-पुरुष दोघांना लागू आहेत. हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला ओढलं जातं. दोन्ही हात समोर उचलायला सांगितले तर एक खाली येतो. साधं वाक्य म्हणायला सांगितलं तर जीभ जड होते, शब्द चुकतात किंवा फुटतच नाहीत. यात आता आणखी दोन खुणा जोडल्या जातात : एकाएकी तोल जाणं, आणि एकाएकी एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं किंवा एकाचे दोन दिसणं. घरात मात्र या खुणा परीक्षेसारख्या समोर येत नाहीत. चहाचा घोट ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतो. भाकरी थापताना एक हात मागे पडतो. पदर खांद्यावरून घसरतो आणि सावरायला हात वर जात नाही. एका पायातली चप्पल निघून पडते आणि बाईला ते कळत नाही. या सगळ्यात लक्षात ठेवायचं ते हे की काल, किंवा दहा मिनिटांपूर्वीसुद्धा, हे नव्हतं.

मग स्त्रियांची लक्षणं वेगळी असतात, असं जे सतत कानावर येतं त्याचं काय? इथे जरा थांबून पाहायला हवं, कारण या मुद्द्यावर गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघाताच्या रुग्णांपैकी ५२ टक्के स्त्रियांनी किमान एक तरी ‘नेहमीच्या यादीबाहेरचं’ लक्षण सांगितलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४४ टक्के होतं. सर्वांत ठळक फरक होता तो भानाचा : गोंधळणं, काही न सुचणं, सुस्त पडणं. स्त्रियांमध्ये २३ टक्के, पुरुषांमध्ये १५. पुढे २०२२ मध्ये ६० अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात पावणेसहा लाखांहून अधिक रुग्ण होते. त्यातही डोकेदुखी, शुद्ध हरपणं किंवा भान बदलणं, गरगरणं आणि अडखळतं बोलणं हे स्त्रियांमध्ये काहीसं जास्त आढळलं. अर्ध्या अंगातली कमजोरी आणि दृष्टीचा दोष काहीसा कमी. पण मेंदूच्या एका ठरावीक भागाशी जोडता येणारी लक्षणं सगळी मिळून पाहिली, तर स्त्री-पुरुषांमध्ये फरक उरला नाही.

याचा मी लावलेला अर्थ असा. स्त्रियांसाठी वेगळी यादी पाठ करायला लावणं चुकीचं आहे, कारण तोंड, हात, बोलणं या तीन खुणांवर बहुतेक बायकांचा पक्षाघातही पकडला जातो. फिरणाऱ्या संदेशांमध्ये ‘बायकांच्या पक्षाघाताची गुप्त लक्षणं’ म्हणून उचकी, मळमळ, छातीत धडधड अशी जंत्री येते. नुसत्या उचकीने घाबरून जायचं कारण नाही. आपल्याकडे तर ती कुणाची तरी आठवण म्हणूनच घेतली जाते. मेंदूच्या देठात मागच्या बाजूला झटका आला तर न थांबणारी उचकी लागू शकते हे खरं, पण तेव्हा बरोबर गरगरणं, गिळताना ठसका, आवाज बसणं, चालताना एका बाजूला झुकणं यांपैकी काहीतरी असतंच. खरा फरक असा आहे की बायकांमध्ये या तीन खुणांवर डोकेदुखीचा, चक्करचा, गोंधळाचा थर जास्त वेळा चढलेला असतो आणि समोरचा माणूस वरचाच थर पाहून निदान करून टाकतो.

आणि वरच्या थराला आपल्याकडे नावं तयारच आहेत. डोकं दुखतंय? पित्त झालं असेल. चक्कर आली? उपवास होता ना, बीपी लो झालं. हाताला मुंग्या? मानेचा मणका. बोलताना अडखळली? थकली आहे, झोपू दे. दवाखान्यात नेलंच तर अशक्तपणाचं सलाईन लागतं. त्यात दोन तास जातात, आणि साडेचार तासांच्या मुदतीत दोन तास म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या नऊ राज्यांमधल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे काही दिवसांत पक्षाघात घेऊन दाखल झालेले किती जण आधी तातडीच्या विभागातून घरी पाठवले गेले होते, हे त्यात पाहिलं होतं. डोकेदुखी किंवा चक्कर एवढंच लिहून परत पाठवलं जाण्याची शक्यता स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त निघाली. तरुण रुग्णांची स्थिती तर त्याहून वाईट होती. म्हणजे तरुण आणि त्यात स्त्री असेल, तर निदान हुकण्याची भीती दुहेरी.

दोन लक्षणांबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण घरातली माणसं तिथे हमखास फसतात. पहिलं, अर्थहीन बडबड. भाषा समजण्याचा मेंदूतला भाग बंद पडला तर बाई अस्खलित बोलते, पण शब्दांना अर्थ नसतो. आपण विचारलेलंही तिला कळत नाही. हात-पाय व्यवस्थित चालत असतात. अशा वेळी ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘बाहेरचं झालं’ असं म्हणून देवऋषाकडे नेलेल्या बाईचा अख्खा दिवस हातचा जातो. वेड असं पाच मिनिटांत लागत नाही. एकाएकी सुरू झालेली असंबद्ध बडबड हे पक्षाघाताचं लक्षण म्हणूनच धरावं. दुसरं, आजार झाल्याचं नाकारणं. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला तर डावं अंग गळून पडलेलं असतं आणि तरीही रुग्ण शांतपणे सांगतो, मला काही झालेलं नाही. हा मेंदूच्या इजेचाच भाग आहे. एरवीही ‘मला काही झालं नाही, तुम्ही जेवून घ्या’ हे वाक्य आपल्या घरांतल्या बायकांच्या तोंडी इतकं बसलेलं असतं, की ते कुणाला लक्षण वाटतच नाही.

चक्करबद्दल एक साधी कसोटी उपयोगी पडते. कान किंवा पित्त यांमुळे आलेल्या चक्करेत माणूस आधाराने का होईना चालू शकतो. आधाराशिवाय बसताही येत नसेल, पाऊल टाकताच एका बाजूला कोसळत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा बोलणं जड झालं असेल, तर ते कानाचं दुखणं समजू नये. ‘सिटी स्कॅन नॉर्मल आला’ या वाक्यानेही निर्धास्त होऊ नये. पहिल्या काही तासांत गुठळीच्या पक्षाघातात साधा सिटी स्कॅन पुष्कळदा स्वच्छ दिसतो. तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना, हे पाहायला काढतात.

आता स्त्रीच्या आयुष्यातल्या त्या टप्प्यांकडे येऊ, जिथे संशयाचा उंबरठा आपण खाली आणायला हवा.

पहिला टप्पा गर्भारपण आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, आणि बाळंतपणानंतर काही आठवडे ती टिकते. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा प्रकार भारतातल्या डॉक्टरांनी बाळंतिणींमध्ये फार पूर्वीपासून नोंदवला आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मधून त्यावर बरंच काम झालं. या पक्षाघाताची चाल वेगळी असते. तो क्षणात येत नाही. डोकेदुखी दिवसागणिक वाढत जाते, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर जास्त होते, उलट्या होतात, धूसर दिसतं, मग एक दिवस आकडी येते किंवा हात-पाय लुळे पडतात. सिझेरियननंतर ‘पाठीत इंजेक्शन दिलं होतं त्याने डोकं दुखतंय’ असं सर्रास म्हटलं जातं. त्या इंजेक्शनची डोकेदुखी आडवं पडल्यावर कमी होते. पडल्यावर वाढणारी डोकेदुखी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जी पद्धत काही घरांत अजून आहे, ती इथे थेट घातक आहे. रक्त दाट झालं की गुठळीला वाट मिळते. निदान वेळेत झालं तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात, एवढं आवर्जून सांगायला हवं.

याच काळातला दुसरा धोका रक्तदाबाचा. गरोदरपणात बीपी वाढलं असेल, तर बाळ झालं की संकट टळलं असं नाही. प्रसूतीनंतरही काही आठवडे रक्तदाब उसळू शकतो. जोरदार डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, आणि रक्तदाब १६०/११० च्या वर, ही तातडीची अवस्था आहे. अशा बाईला पुढच्या आयुष्यात पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट राहतो. तरीही पन्नाशीतल्या बाईला ‘बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बायकांनी ते स्वतःहून सांगावं.

दुसरा टप्पा गोळ्यांचा. याबद्दल आपल्या समाजात जेवढं बोलायला हवं तेवढं बोललं जात नाही. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातलं लग्न, पंढरीची वारी : पाळी पुढे ढकलण्यासाठी दुकानातून गोळ्या आणून घेणाऱ्या बायका घराघरांत आहेत. यातली नेहमीची गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. शरीरात गेल्यावर तिचा थोडा अंश इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो, आणि इस्ट्रोजेन रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतं. काही जणी त्याऐवजी गर्भनिरोधक गोळ्याच सलग घेतात. इराणमधल्या इस्फहानच्या डॉक्टरांना रमजानचे रोजे पूर्ण करता यावेत म्हणून अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्ये मेंदूच्या शिरांतल्या गुठळ्या आढळल्या, आणि त्यांनी त्यावर लिहिलं. आपल्याकडची जोडणी याहून फार वेगळी नाही : गणपतीच्या आदल्या दिवशी हरतालिकेचा निर्जळी उपवास, पाठोपाठ गौरीची धावपळ, आणि सोबत ही गोळी. बहुसंख्य बायकांना यातून काही होत नाही, हेही तितकंच खरं. पण आधी गुठळी झालेली, सहा आठवड्यांच्या आत बाळंत झालेली, विशिष्ट प्रकारची अर्धशिशी किंवा तंबाखूची सवय असलेली बाई कोण, हे दुकानदार विचारत नाही. ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. आणि पाळीच्या चार दिवसांत देवघरात पाऊल टाकलं तर काय बिघडतं, हा प्रश्नही घरातल्या मोठ्यांनी आता मोकळेपणाने स्वतःला विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

गर्भनिरोधक म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. ‘माला-एन’मध्ये इस्ट्रोजेन आहे. ज्या बाईला अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चकाकी दिसते किंवा हाताला मुंग्या येतात, तिने इस्ट्रोजेन असलेली गोळी घेऊच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट मार्गदर्शन आहे. त्या अर्धशिशीने पक्षाघाताचा धोका मुळातच दुपटीच्या घरात जातो. सरकारी केंद्रात मिळणाऱ्या ‘छाया’ या आठवड्याच्या गोळीत इस्ट्रोजेन नाही. पर्याय आहेत, विचारायला हवं.

तरुण बायकांमधल्या पक्षाघाताचं एक कारण पाश्चात्त्य लेखनात फारसं दिसत नाही, ते आपल्याकडे अजून आहे : लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप. ही झडप अरुंद होण्याचा विकार स्त्रियांमध्ये जास्त. हृदयात साठलेलं रक्त गोठतं, गुठळी सुटते, थेट मेंदूत जाते. जिना चढताना धाप लागणारी, छातीत धडधडणारी पंचविशीतली मुलगी ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्यांवर सोडून देऊ नये. तिच्या छातीला एकदा स्टेथोस्कोप लागावा.

चाळिशीनंतरची कारणं सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता. ग्रामीण महाराष्ट्रात बायका दात घासायच्या नावाखाली दिवसातून दोन-तीनदा मिश्री लावतात; तो जाळलेला तंबाखूच आहे, आणि बिनधुराच्या तंबाखूचा पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंशी संबंध आढळलेला आहे. रजोनिवृत्तीनंतर मेंदूतला फुगा फुटून होणारा रक्तस्राव बायकांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक. त्याची डोकेदुखी एका क्षणात शिगेला पोहोचते, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी. सत्तरीनंतर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा विकार वाढतो आणि त्यातून येणारा झटका मोठा असतो. नाडी बोटांनी पाहता येते. ठोक्यांना ताल नसेल तर ईसीजी काढावा.

एवढं सगळं माहीत असूनही बाई दवाखान्यात वेळेवर का पोहोचत नाही? तिला न्यायचं की नाही, हे बहुतेक घरांत ती ठरवत नाही. मुलगा कामावरून यायचा असतो, गाडीची सोय बघायची असते, ‘रात्रभर बघू’ असं ठरतं. मध्येच कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं, कुणी कानाच्या पाळीला सुई टोचायला. दोन्ही निरुपयोगी. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये दिसलं होतं की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळण्याची शक्यता स्त्रियांना पुरुषांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आहे. २०२० च्या आढाव्यात हा फरक १३ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे, पण दरी भरलेली नाही. आपल्याकडे तर यासाठी वापरलं जाणारं टेनेक्टेप्लेज हे औषध पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते, आणि ते एकाच इंजेक्शनात देता येतं. औषध राज्यातच तयार होतं. बाई तिथवर पोहोचणं बाकी आहे.

लक्षण दिसल्यावर करायचं ते असं. १०८ ला फोन करा, किंवा हाताशी असेल त्या गाडीने निघा, पण सिटी स्कॅन आणि मेंदूविकाराच्या उपचारांची सोय आहे अशाच रुग्णालयात. वाटेतल्या तीन दवाखान्यांत थांबत बसू नका. ती शेवटची धडधाकट कधी दिसली, ती वेळ लिहून घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. पहाटे उठल्यावर लक्षण दिसलं, तर वेळ मोजायची रात्री झोपताना ठीक होती तेव्हापासून. पाणी, चहा, गोळी काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिन तर नकोच, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कुणालाही सांगता येत नाही. घरी बीपी जास्त दिसलं म्हणून ते आपणहून उतरवू नका. मधुमेह असेल तर साखर तेवढी तपासा, कारण साखर खूप उतरली तर लक्षणं हुबेहूब पक्षाघातासारखी दिसतात. चालू औषधांची पिशवी सोबत घ्या. पाळी लांबवायची किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असेल, नुकतंच बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल, तर ते न लाजता सांगा. सासरच्यांसमोर सांगता येत नसेल तर डॉक्टरांनी तिच्याशी किंवा तिच्या आईशी एकांतात बोलावं.

शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त निसटणारा. कधी कधी तोंड वाकडं होतं, शब्द अडकतो, हात गळतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. बाई उठून पुन्हा ओट्याशी उभी राहते आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. ही गुठळी तात्पुरती अडकून सुटलेली असते. अशा झटक्यानंतर योग्य उपचार झाले नाहीत तर तीन महिन्यांत मोठा पक्षाघात होण्याचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास असतो, आणि त्यातले साधारण निम्मे पहिल्या दोन दिवसांतच होतात. ऑक्सफर्डमधल्या पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की असे रुग्ण त्याच दिवशी तपासून लगेच औषधं सुरू केली, तर पुढचे पक्षाघात ८० टक्क्यांनी कमी होतात. तिथे वापरलेली औषधं महागडी नव्हती : रक्त गोठू न देणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी. बदलली होती ती फक्त वेळ. आधी रुग्णांच्या हाती औषध पडायला सरासरी वीस दिवस लागत, नंतर एक दिवस लागू लागला.